आईच्या आवाजावरचा धंदा

आमच्या कंपनीचं ऑफिस म्हणजे राहू गावातल्या आमच्या घराची पुढची खोली. एक टेबल, एक जुना लॅपटॉप, इन्व्हर्टर आणि खिडकीत कायम चार्जिंगला लावलेले दोन फोन. बाहेर पाटी नव्हती, कारण येणार कोण होतं? सगळं काम फोनवर. दौंड आणि शिरूर तालुक्यांत ज्याला कांदा लावायचा असेल त्यानं आमच्या नंबरवर फोन करायचा, गाव आणि किती बाया हव्यात ते सांगायचं. संध्याकाळी सात वाजता आमची मशीन टोळ्यांना फोन लावायची. टोळी म्हणजे एका गावच्या, एकाच पिकअपमधून कामाला जाणाऱ्या दहा-पंधरा बायका. त्यांच्यातलीच एक त्यांची म्होरकी. म्होरकीनं फोनवर एक दाबलं की उद्याचं काम पक्कं, दोन दाबलं की नको.

मशीन मी उभी केली होती. सणसवाडीच्या एका कारखान्यात सहा वर्षं कंत्राटी कामगारांच्या हजेरीचं काम केलं होतं, त्यातून हे सुचलं. पण मशीनमधला आवाज आईचा होता.

आईनं वीस वर्षं स्वतः टोळी चालवली. गुडघे गेले तेव्हा थांबली. बहुतेक म्होरक्यांना वाचता येत नाही, त्यामुळे मेसेज पाठवून उपयोग नव्हता, हे तिनंच मला सांगितलं. आधी मी पुण्यातल्या एका मुलीचा आवाज घेतला होता. तो ऐकून बायका बँकेचा फोन समजून कट करायच्या. मग आई म्हणाली, "मला सांग काय बोलायचं, मी बोलते." खोलीत आवाज घुमतो म्हणून आम्ही दोघी दुपारी गोधडी डोक्यावर घेऊन बसायचो आणि ती एकेक तुकडा बोलायची. गावांची नावं, आकडे, वेळा. "काम हाय." "काम न्हाई." "तुमच्या टोळीला." घामानं भिजायचो आणि हसून हसून तुकडे वाया जायचे. मशीन ते तुकडे जोडून वाक्य करायची: आक्का बोलतीया, उद्या वरवंडला, कांदा लागण, बारा जणी, सकाळी आठ. टोळीतल्या सगळ्या बायका तिला आक्का म्हणत. फोन आला की म्होरकी स्पीकरवर टाकायची, मग बाकीच्या भोवती जमून ऐकायच्या.

शेतकऱ्यांचे फोन आई स्वतः घ्यायची. तिचे चार प्रश्न ठरलेले. लाईट दिवसाची हाय का रातची? रोप उपटून ठिवलंय का? रान उसाच्या कडंला हाय का? प्यायला पाणी कुठलं? आमच्याकडे शेतीची वीज एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री. वाफ्यात पाणी नसेल तर लागण होत नाही, मग बायांचा दिवस फुकट जातो. आणि उसाला लागून रान असेल तर बिबट्याच्या भीतीनं ती ऊन पडल्याशिवाय टोळी पाठवायची नाही. शेतकरी कुरकुरायचे. आई ऐकायची नाही.

याशिवाय एक काम होतं, जे आम्ही कधी काम मानलंच नाही. रोज पाच वाजता चहा घेऊन ती माझ्या शेजारी बसायची आणि मी तिला टोळ्यांची यादी वाचून दाखवायची. ती मध्येच थांबवायची. "हिला उद्या नगं. हिच्या जावंची माती झाली परवा." आमच्या भागात अंत्यविधीला माती म्हणतात, आणि गावात माती असली की टोळी कामाला जात नाही. "हिच्या टोळीतल्या दोघी पोटुशा हायती, लांबचं रान देऊ नगं." मी खुणा करायची. यादी अशी गाळून झाली की मगच सातचे फोन जायचे.

तिसऱ्या वर्षी पाहुणे आले. दोन मुलं आणि एक मुलगी, पुण्याहून, गाडी घेऊन. शेतमजुरीवर अभ्यास करतोय म्हणाले. हुरड्याचे दिवस होते. आईनं शेतात आगटी पेटवली, कणसं भाजली, लसणाची चटणी, दही, बोरं, सगळं मांडलं. ते विचारत होते आणि आई तळहातावर हुरडा चोळत सांगत होती. चार प्रश्न, त्यांची कारणं, कुठल्या गावात किती टोळ्या, कुठली म्होरकी कशी. मुलगी फोनवर रेकॉर्ड करत होती. मला ते दिसत होतं. पण मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी फाउंडर म्हटलं होतं, आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसले होते. मी लॅपटॉप शेतात आणला आणि मशीन उघडून दाखवली. निघताना त्यांनी आईच्या पाया पडून नमस्कार केला. आईनं त्यांना बोरं बांधून दिली.

नंतर मी आईवर ओरडले, की एवढं सगळं कशाला सांगायचं होतं. ती म्हणाली, "घरी आलेल्या पाव्हण्यानं इचारलं तर सांगायचं न्हाई व्हय? लपवायला आपण काय चोरी केलीया?" लॅपटॉप कुणी दाखवला हे ती बोलली नाही.

पुढच्या दिवाळीनंतर वरवंडला हायवेलगत त्या पाहुण्यांच्या कंपनीचा फलक लागला. नंतर यवतला, नंतर शिरूरला. एकसारखे टीशर्ट घातलेली मुलं गावोगाव फिरून म्होरक्यांना स्टीलचे डबे आणि टोप्या वाटू लागली. मी शेतकरी असल्याचं भासवून त्यांच्या नंबरवर फोन लावला. पलीकडून बाईचा आवाज आला, हेल आमच्याच बोलीचा, पण घासूनपुसून बसवलेला. लाईट दिवसाची आहे का रात्रीची? रोप उपटून ठेवलंय का? उसाच्या कडेला रान आहे का? प्यायचं पाणी? त्याच क्रमानं. तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन स्पीकरवर टाकून आईला ऐकवला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि हसली.

"चांगली बोलतीया की पोरगी," म्हणाली. "बरं झालं, बिबट्याचं तरी इचारत्यात."

मला तिचा फार राग आला. आपल्या घरात शिरून कुणी भांडी उचलून नेली तरी ही म्हणेल, बरं झालं, घासून ठेवली होती. त्या दिवसांत मी कुणाशीच धड बोलत नव्हते. त्यांचं ॲप माझ्या फोनमध्ये होतं, आणि सकाळी आमच्या कामाआधी मी ते उघडायची. त्यांनी काल काय नवीन केलं, कुठलं गाव जोडलं, रंग बदलला का. आमच्याकडे कुणाचा फोन आला होता हे दुपारी बघायची.

पुण्यात नव्या उद्योजकांचा एक गट महिन्यातून एकदा जमायचा. तिथं जाऊन मी रडगाणं गायले. एकजण म्हणाला, कोर्टात जा. एकजण म्हणाला, त्यांनाच विकून टाक, आता चांगला भाव येईल. एक वयस्कर गृहस्थ होते, आयुष्यभर छोटे पंप बनवून विकलेले. ते म्हणाले, "त्यांच्याकडे बघणं बंद करा. तुमच्या बायांकडे जा, रोज जा. त्यांना पैसे ओतून जे उचलता येणार नाही असं तुमच्याकडे काय आहे ते शोधा, आणि बाकी सगळं गेलं तरी ते सोडू नका." मी वहीत लिहून घेतलं. परतताना एसटीत बसल्यावर वाटलं, बोलायला यांचं काय जातंय.

खरी गोष्ट अशी, की टोळ्या त्या वर्षी हलल्या नव्हत्या. डबे घेतले, टोप्या घातल्या, आणि सात वाजता आक्काचाच फोन उचलला. हलत होते ते शेतकरी. पारगावचे एक आप्पा पहिल्या दिवसापासून आमच्याकडे होते. तेही म्हणाले, "ताई, तिकडं पाच मिन्टात पक्कं हुतंय. आन् टोळी आली न्हाई तर ते भरपाई देत्यात. तुमच्याकडं सांजंपतुर जीव टांगणीला." मला तेवढं पुरेसं होतं. पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं. आधी त्यांनी आमची नक्कल केली होती, आता मी त्यांची करायला बसले.

पाच मिनिटांत काम पक्कं करायचं तर सातची वाट न बघता टोळीला लगेच फोन लावायला हवा होता, आणि आईची यादी मध्ये येत होती. ती मी काढून टाकली. त्या दिवशी पाच वाजता ती चहा घेऊन आली, शेजारी बसली.

"वाचतीस ना यादी?"

"आता गरज नाही गं. मशीन करते."

"बरं," ती म्हणाली.  मग कप उचलून गेली आणि ओसरीवर गहू निवडायला लागली. मला हायसं वाटलं, हे कबूल करायला हवं.

भरपाई देण्याइतके पैसे आमच्याकडे नव्हते. म्हणून मी दुसरी युक्ती काढली. शेतकऱ्यानं टोळी आली नाही असं बटण दाबलं की त्या टोळीचा खाडा धरायचा आणि आठ दिवस तिला काम द्यायचं नाही. कारखान्यात मी हेच करत होते, त्यामुळे मला त्यात वावगं वाटलं नाही. तसा निरोप संध्याकाळी सातला टोळीला मिळायला हवा. आईचे तुकडे होतेच. आठ. दिवस. तुमच्या टोळीला. काम न्हाई. मी ते जोडले. मधलं अंतर दोनदा कमीजास्त केलं, म्हणजे सलग बोलल्यासारखं वाटेल. ऐकलं आणि मनात म्हटलं, छान जमलंय. आईला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही.

शिरूरकडच्या एका गावात आमची सगळ्यात जुनी टोळी होती. तिची म्होरकी आईची मैत्रीण. दोघींनी तरुणपणी एकाच वाफ्यात समोरासमोर बसून कांदा लावलेला. जानेवारीत एका सकाळी तिचा नवरा जनावरांना वैरण टाकता टाकता कोसळला आणि गेला. टोळीतल्या बाया पिकअपमध्ये चढल्या होत्या, त्या उतरल्या. दुपारी माती झाली. ज्याच्या रानात त्या जाणार होत्या त्या शेतकऱ्याला कुणी कळवायचं सुचलं नाही, आणि त्यानं बटण दाबलं. सात वाजता त्या घरात फोन वाजला. बायका अजून बसलेल्या होत्या. कुणीतरी सवयीनं फोन उचलला, आक्काचा आहे म्हणून स्पीकरवर टाकला. आईचा आवाज त्या घरात बोलला, आक्का बोलतीया, आठ दिवस तुमच्या टोळीला काम न्हाई.

आम्हाला हे दुसऱ्या दिवशी कळलं. त्याच टोळीतल्या एका बाईचा आईला फोन आला. आधी मैत्रिणीचा नवरा गेल्याचं ऐकून आई कधी, कसा, विचारत होती. मग पलीकडची बाई काहीतरी बोलत राहिली आणि आई नुसती "मी? मी न्हाई गं" म्हणत राहिली. फोन ठेवून ती माझ्या खोलीच्या दारात आली.

"मी काय बोलले त्यास्नी?"

मी ते वाक्य लावून दाखवलं. दुसरं काय करणार होते. तिनं मान कलती करून ऐकलं, परत लाव म्हणाली, परत ऐकलं.

"आवाज माझा हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "बोलले का गं मी आसं? गोधडीत बसलो व्हतो तवा?"

तिला स्वतःवरच शंका आली होती. मी नाही म्हटलं, तू नाही बोललीस, मी जोडलं.  आईच्या तोंडावर तेव्हा जे होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. राग असता तर मी झेलला असता.

आम्ही दोघी भेटायला गेलो. आमच्याकडे अशा घरी बाई आली की घरातली बाई उठून तिच्या गळ्यात पडते आणि दोघी मोठ्यानं रडतात. त्याशिवाय बसायचं नसतं. आई ओसरीवर गेली, हात पुढे करून उभी राहिली. मैत्रीण भिंतीला टेकून बसली होती, ती उठली नाही. बाकीच्या बायका पदर तोंडाशी धरून बघत होत्या. आई तशीच उभी. हात किती वेळ पुढे धरायचे हे तिला कळेना, मग तिनं ते पदरात गुंडाळले.

"आज तुमचा खाडा झाला आसंल की आक्का," मैत्रीण म्हणाली. "कामाचा दिवस. कशाला आलासा?"

आयुष्यभर आईला ती अगं म्हणत आली होती.

मी फाटकाजवळ स्कूटरपाशी होते. पुढे झाले आणि म्हणाले, "मावशी, आई बोलली नाही ते. मशीननं केलं."

"मशीन कुणाचं हाय?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, माझं. तिनं मान फिरवली. आई उंबऱ्याशी जमिनीवर बसली, एकटीच रडली आणि थोड्या वेळानं उठली. कुणी पाणी विचारलं नाही. येताना भीमेच्या पुलावर मी स्कूटर थांबवून माफी मागितली. ती म्हणाली, "गाड्या यायल्यात, चल."

त्यानंतर टोळ्या गेल्या. भांडून नाही, फोन उचलणंच थांबलं. आधी शिरूरकडच्या, मग भीमेच्या अलीकडच्या. मातीची बातमी गावोगाव जाते, आणि त्या बातमीबरोबर आक्काचा निरोपही गेला. काही जणी पुण्याच्या कंपनीकडे गेल्या. त्यांच्याकडेही खाडा होताच, पण तो परक्या बाईच्या आवाजात होता, त्याचं कुणाला वाईट वाटण्याचं कारण नव्हतं. खाडा मी दुसऱ्याच दिवशी काढून टाकला होता आणि यादी परत सुरू केली होती. पाच वाजता मी नावं वाचायची, आई ऐकायची. पण आता तिला गावांतलं काही कळत नव्हतं, कारण तिला कुणी फोन करून काही सांगत नव्हतं. दोन-तीन आठवड्यांनी ती म्हणाली, "नगं वाचूस."

पुढचा हंगाम संपायच्या आत पुण्याची कंपनीही गेली. गुंतवणूकदारांनी पैसे थांबवले म्हणे. फलक अजून आहेत, त्यावर आता क्लासेसच्या जाहिराती चिकटवल्यात. टोळ्या पुन्हा, आमच्याआधी होत्या तशा, पिकअपवाल्यांच्या ताब्यात गेल्या. लाईट कधीची आहे, रान कुठलं आहे, हे कुणी विचारत नाही. पंपवाल्या गृहस्थांचा मला मुद्दाम फोन आला. मैदान मोकळं झालंय, पुन्हा उभे राहा. मी त्यांना म्हणाले, तुम्ही सांगितलं होतं ते मला शोधावं लागलंच नसतं, ते रोज पाच वाजता चहा घेऊन माझ्या शेजारी बसत होतं. 

तरी मी आईला विचारलं. नवीन तुकडे करू, सगळ्या गावांत आधी दोघी जाऊन भेटू. ती भाकरी थापत होती. "कुणी उचलायचं न्हाई बाई," म्हणाली, "आन् का उचलावं?" मी पुन्हा विषय काढला नाही. कुणी पैसेवाला आपलं उचलून नेतो तेव्हा काय करावं, असं मला आता कुणी नवं पोर विचारतं. मी त्याला म्हणते, आधी त्याचं ॲप फोनमधून काढ. पुढचं मला सांगता येत नाही.

मी पुन्हा सणसवाडीला हजेरीच्या कामावर लागले. आईला घरात बसवेना. वाटेवर एका व्यापाऱ्याची कांद्याची वखार आहे, तिथं खाली बसून कांदा निवडायचं काम असतं, गुडघ्यांना चालतं. सकाळी जाताना मी तिला सोडते, संध्याकाळी घेते. तिथं दोन्ही तालुक्यांतल्या बाया येतात, फोनवर आक्काला ऐकलेल्या. ती खूश आहे असंच मी धरून चालले होते, कारण तक्रार कधी नसायची.

गेल्या महिन्यात एक दिवस मी लवकर पोचले. आई आत पाय धूत होती. दारात एक बाई पोत्याला टेकून उभी होती, तिनं मला विचारलं कुणाला न्यायला आलात. मी आईकडे बोट दाखवलं.

"त्या व्हय?" ती बाई म्हणाली. "तुमच्या आई का? चार म्हयने झालं शेजारी बसत्यात, पर एक शबूद न्हाई. आम्हाला वाटलं मुक्या हायती."

आई पदरानं हात पुसत आली, त्या बाईला मान हलवून निरोप दिला आणि माझ्या मागं बसली. वखार दिसेनाशी होईपर्यंत ती काही बोलली नाही.